गोळ्यांसाठी लावलेला कौल

देव आपल्याकडे पाहतच नाही, असं त्या वर्षी मला पक्कं वाटू लागलं होतं. साठ सालाच्या आसपासची, आमच्या मुळशीतली गोष्ट. माझ्या यजमानांना न दिसणारी माणसं शिव्या घालत, आणि ते ऐकून हे भाताच्या खाचरातून उठून पळत सुटत. पुण्याच्या इस्पितळातून नव्या गोळ्या मिळाल्या आणि ते आवाज थांबले. पण त्यांच्याबरोबर माझा माणूसही थांबल्यासारखा झाला. चेहरा लाकडासारखा, तोंडातून लाळ, हात सारखे थरथरत. जरा उन्हात उभे राहिले की कातडी भाजून निघे. त्यांना भरवताना मला रडू येई आणि त्यांच्या ते ध्यानातही येत नसे.

त्या थरथरीचा गावानं भलताच अर्थ काढला. बायका ह्यांच्या पायांवर पाणी घालू लागल्या. धाकटे दीर म्हणाले, "वैनी, दादाच्या अंगात भैरोबा येतोय. गोळ्या देऊन देवाला कोंडलंय तुमी. बंद करा." माझंही मन डळमळलं. शेवटी कौल लावायचं ठरलं. गुरवानं भैरोबाच्या ओल्या मूर्तीवर दोन्ही अंगांना एकेक कळी चिकटवली. उजवी पडली तर गोळ्या बंद, डावी पडली तर चालू. आम्ही हात जोडून बसलो. ऊन कललं तरी एकही कळी हलेना.

तेवढ्यात नारळ घेऊन आलेली जवळच्या रिहे गावची एक अनोळखी बाई ह्यांच्या हातांकडे बघत थांबली. "इस्पितळाच्या गोळ्या चालू हायेत का? माझ्या भावाचं हात असंच कापायचं. आमीबी देव आला म्हणलं नि गोळ्या टाकून दिल्या. त्याला पुन्यांदा आवाज आलं. धरणात गेला त्यो." मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "बंद नगा करू, बाई. डाक्टरला हात दाखवा." नारळ वाढवून ती निघून गेली. कळ्या तशाच होत्या. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना घेऊन पुण्याच्या इस्पितळात गेले.

डॉक्टरांनी गोळी कमी केली, थरथरीवर दुसरी दिली. हात बरेचसे स्थिरावले, पण चेहऱ्यावर हसू काही परत आलं नाही. त्यानंतर मी कधी कौल लावला नाही, सगळं भैरोबावर सोडलं. ती बाई त्यानंच पाठवली असं मी मानते. मग तिच्या भावासाठी कुणालाच का पाठवलं नाही, हे विचारायला गाभाऱ्यात तोंड उघडत नाही. जेवढं दिलंस तेवढं राहू दे, एवढंच म्हणते आणि लवकर परत फिरते. घरी ह्यांना गोळी द्यायची असते.