दोहा ते ह्यूस्टन, सोळा तास

नागपूरहून ह्यूस्टन किती लांब, हे मी कधी विचारलेच नव्हते. लग्न होऊन तिकडे गेलेली मुलगी रोज फोनवर दिसायची, म्हणून जवळच वाटायची. तिच्या डोक्यातल्या गाठीचे ऑपरेशन अचानक आठवडाभर आधी घ्यायचे ठरले, तेव्हा कळले: दोह्यापर्यंत साडेचार तास, पुढे सोळा तास, सगळे मिळून जवळजवळ सोळा हजार किलोमीटर. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कारखान्यात माझे आयुष्य गेले. विमानात कधी पाऊल ठेवले नव्हते. व्हिसा तेवढा तयार होता. तिची आई तीन वर्षांपूर्वी वारली. जाणारा मी एकटाच.

दोह्याहून फोन केला तर ती रडतच होती. "बाबा, मले लय भेव लागून राहिलं. तुमी यायच्या आधीच मले आत नेतीन."

"मी येऊन राहिलो ना बेटा," मी म्हणालो.

विमान उडाले आणि मनात एकच येऊ लागले. मी आकाशात असताना तिचे डोके उघडलेले असणार, आणि काही बरेवाईट झाले तरी उतरेपर्यंत मला कळणार नाही. समोरच्या पडद्यावर उरलेले अंतर दिसत होते. आकडा हलतच नव्हता. श्वास भराभर होऊ लागला. कोराडीच्या जगदंबेचे नाव घ्यायला लागलो, तर तेही अर्ध्यावर तुटे. खरे सांगतो, मला देवीचा रागच आला होता. बायको नेलीस, आता हिलाही?

शेजारच्या बाईंनी माझे मनगट धरले. "अंकल, साँस धीरे छोड़ो." त्या केरळच्या, ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. मी सगळे सांगून टाकले. त्यांनी आधी तो पडदा बंद केला. मग आत नेल्यावर काय काय होते ते सावकाश सांगितले: गरम पांघरूण घालतात, नाव विचारतात, भूल देणारे डॉक्टर उशाशी उभे राहतात. "एक मिनट भी अकेली नहीं रहती. हाथ तो मैं खुद पकड़ती हूँ."

मी हमसून हमसून रडलो. मग मनात जगदंबेला म्हणालो, माय, माझा हात पोचत नाही. तू राह्य तिच्यापाशी. आणि कित्येक दिवसांनी मला झोप लागली.

उतरलो तेव्हा त्या बाई गर्दीत निघून गेल्या होत्या. नावही विचारायचे राहिले. लगेच फोन लावला. जावई म्हणाला, "बाबा, तिला ताप आला होता. ऑपरेशन उद्यावर ढकललंय."

दुसऱ्या दिवशी आत न्यायची वेळ आली तशी ती घाबरली. मी तिला ते पांघरूण, ते उशाशी उभे राहणारे डॉक्टर, सगळे सांगितले. दारापर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. दार लागले. बाहेर सात तास गेले, पण जगदंबेकडे मी काही मागितले नाही. मनाने नुसता त्या माउलीजवळ बसून राहिलो.

गाठ पूर्ण निघाली. संध्याकाळी डोळे उघडून तिने विचारले, "बाबा, जेवले का?"

मला वेळेत तिच्यापाशी पोचू देणारा तो ताप कशाने आला, हे मी डॉक्टरांना विचारले नाही. भीती अजूनही येते. आली की जमेल तेवढे करतो, आणि उरलेले त्या माउलीच्या पायाशी ठेवून हात जोडतो.