मागाच्या खड्ड्यातला देव

परवा भाचीने एक घोळ घातला. आमच्या घरातल्या जुन्या पेन्सिलच्या चित्राचा तिने मोबाईलवर फोटो काढला आणि दोन मिनिटांत ते ‘पूर्ण’ करून दाखवलं... बघून मला धस्सच झालं. का, ते सांगते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, घर सोलापूरच्या पूर्व भागात, विणकराचं. पणजोबांनी हातमागाचा खड्डा खणला तेव्हा त्यात एक कोरीव दगड निघाला होता, तोच आमच्या देव्हाऱ्यात बसवलेला. शेषावर निजलेला विष्णू, बेंबीतून निघालेला कमळाचा देठ... आणि वर ब्रह्मदेव बसायचा तो कोपरा मात्र उडालेला.

मी शहाणी, हे कॉलेजात बोलले. इतिहासाचे सर टेप आणि वही घेऊन घरी हजर! त्यांनी मूर्ती मापली, चित्र काढलं आणि पुन्हा येतो म्हणून गेले.

माझे वडील, अप्पा, यांच्या मनात पाल चुकचुकली. तेव्हा पेपरात मूर्तीचोरीच्या बातम्या यायच्या. देवाचं माप कशाला लागतं, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. देव गेला तर तुझं कॉलेजही गेलं, हेही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी देव्हारा रिकामा... अप्पांनी मूर्ती गोणपाटात गुंडाळून पुन्हा त्याच खड्ड्यात ठेवली होती. पण विणताना खड्ड्यात पाय सोडून बसावं लागतं. देवावर पाय कसे सोडणार? झालं, माग बंद! अर्धं लुगडं मागावर तसंच, आणि अप्पा ओट्यावर बसून गल्लीच्या तोंडाकडे बघत.

पाचव्या दिवशी सर आले. मूर्ती अक्कलकोटला पाहुण्यांकडे गेली, असं अप्पांनी दुसरीकडे बघत सांगितलं. सरांनी बंद माग पाहिला, खड्ड्यावरची सतरंजी पाहिली. हे तुमच्याकडेच राहू द्या म्हणत त्यांनी चित्र पुढे केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अप्पांनी चित्र उजेडात धरलं. कापडात तुटलेला धागा शोधावा तसं त्यांचं बोट फिरत गेलं आणि वरच्या कोपऱ्यात थांबलं. तिथे नुसता कोरा कागद होता.

"हितं ब्रह्मदेव का न्हाय काढला?"

"मी पाहिला नाही."

अप्पांनी चित्रावरून नजर उचलून सरांकडे पाहिलं. आजवर घरी येणारा जो तो मूर्तीचा उडालेला कोपरा सिमेंटने भरून द्यायला निघायचा. न पाहिलेला देव न काढणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

मग त्यांनी सतरंजी बाजूला केली. "सर, जरा हात लावा. लई जड हाय."

मूर्ती वर आल्यावर अप्पांनी देठावर बोट ठेवलं. "ब्रह्मदेवानं जग केलं म्हणता... केलं असंल. पण जगाला नेसवलं कुणी? ह्याच देठाच्या सुतानं आमच्या मूळपुरुषानं पयलं कापड इणलं." सरांनी तेही जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. दुपारी माग पुन्हा सुरू झाला.

तर भाचीने त्या कोऱ्या कोपऱ्यात ब्रह्मदेव बसवलाय... गोरापान, हसरा. छान दिसतोय. इतका छान की मला त्याचा संशय येतो.

मी तिला एवढंच विचारलं, तू पाहिलायस का गं त्याला? मग तिनेच तो पुसून टाकला.

सर, तुम्ही तेवढी जागा मोकळी सोडलीत, म्हणून माझं कॉलेज झालं.