तात्यांच्या उसाचा फोटो

भवानीनगरकडून सणसरला येताना रस्त्याला लागूनच आमची उसाच्या रोपांची रोपवाटिका आहे. रोपांचं सगळं नवरा बघतो, मोबाईलचं मी. लग्नाआधी मी बारामतीत अब्बांच्या कापडाच्या दुकानात बसायचे. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते ओळखायची सवय तिथलीच. समोरच्याचं वाक्य मी अर्ध्यातच पुरं करते. नवरा म्हणतो, "तुझ्याशी बोलायला आलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला निम्मंच बोलावं लागतं." मला इतकी वर्षं हे कौतुक वाटायचं.

जाहिरातीबद्दल माझं मत पक्कं होतं. आपणच आपल्या रोपांचे गोडवे गायले की लोक अंगठ्यानं वर सरकवतात. पण एखाद्या शेतकऱ्यानं स्वतःच्या उसात उभं राहून, स्वतःच्या खात्यावर टाकलेला फोटो असला की थांबतात. म्हणून मी नवीन काही बनवायच्या भानगडीत पडायचेच नाही. रोज सकाळी चहा घेत घेत आमच्या गिऱ्हाइकांनी काय टाकलंय ते चाळायचं, चांगलं दिसलं की उचलायचं, आपल्या पानावर, स्टेटसला, ग्रुपवर पुढं पाठवायचं आणि खाली हात जोडायचे. फुकटात काम होतं आणि ज्याचा फोटो तोही खूश. आमच्याकडचा माणूस पोरीच्या लग्नात फोटोसाठी हसणार नाही, पण त्याला त्याच्या उसात उभा करा, बत्तिशी दिसते.

सगळ्यात जास्त चालला तो तात्यांचा फोटो.

तात्या सणसरचे. धंदा सुरू केला तेव्हा आमची रोपं घ्यायला सहसा कुणी धजत नव्हतं, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी घेतली. वयानं माझ्या अब्बांपेक्षा मोठे, पण मला भाभी म्हणायचे. इकडं मुसलमानाच्या घरात सून म्हणून आलेली बाई अख्ख्या गावाची भाभी होते, मग समोरचा आजोबा का असेना. तात्या आणि त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, दोघांची शेती तेव्हा एकत्र होती. कालव्याखालचं काळं रान, त्यात आमच्या रोपांचा ऊस असा काही आला होता की आत शिरलेला माणूस दिसत नव्हता. तात्या त्या उसात उभे, टोपी तिरकी, खांद्यावर एक ऊस बंदुकीसारखा टाकलेला. खाली त्यांनी स्वतः लिहिलं होतं, "भाभीच्या रोपाचा ऊस. नाद करायचा न्हाय."

मी तो त्याच दिवशी पुढं पाठवला आणि दिवसभर फोन वाजत राहिला.

आता ऊस लावणारा माणूस नुसत्या फोटोवर कधी विश्वास ठेवत नाही. फोटो बघितला की तो दुचाकी काढतो आणि प्लॉट बघायला निघतो. उसात शिरतो, पाचट बाजूला सारून बुडखा बघतो, पेरं मोजतो, एखादा ऊस वाकवून बघतो. मग मालकाचा चहा घेतो आणि त्यानंतर आमच्याकडं रोपांचं बोलायला येतो. ही पद्धत कुणी घालून दिलेली नाही, पण ती कुणी मोडतही नाही. त्यामुळं मला फोन यायचे, "त्यो टोपीवाल्या तात्यांचा प्लॉट कुठं हाय?" मी सांगायचे, सणसरला जा आणि तात्यांना विचारा, कुणीही घर दाखवेल.

तात्या अधूनमधून रोपवाटिकेत यायचे, खुर्चीत ऐसपैस बसायचे आणि खोटं खोटं चिडायचे. "भाभी, तुमी तर मला पुढारी करून ठिवलाय. काल बावड्याची माणसं, आज इंदापूरची. चहा पाजून पाजून घरातली बाई कावली." आणि जाताना हळूच विचारायचे, "अजून चालतंय न्हवं आपला फोटू?"

चालायचा. आडसालीच्या लागणीला टाकला, पूर्वहंगामाला टाकला, सुरूच्या लागणीला टाकला, म्हणजे ऊस लावायच्या तिन्ही हंगामांत. दरवर्षी तोच. नवरा म्हणायचा, एखादा नवा फोटो काढून आण की. मी म्हणायचे, चालतंय ते कशाला बदलायचं?

मध्येच त्या दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. भांडण नेमकं कशावरून झालं ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. पाण्याच्या पाळीवरून सुरू झालं म्हणतात, आणि मग जुनंपानं सगळंच निघालं. कालव्याखालचं रान अण्णांकडं गेलं. तात्यांच्या वाट्याला रस्त्याकडची मुरमाड जमीन आली, तिथं त्यांनी जनावरांपुरता मका केला. अंगण एकच होतं, त्यात मधोमध पत्रे उभे राहिले. बोलणं बंद झालं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी फोटो टाकतच राहिले. अण्णाही रोपं आमचीच नेत होते. रान तेच, ऊस आमच्याच रोपांचा, मग खोटं काय आहे त्यात? फोटोतल्या माणसाचं त्या रानाशी आता काय नातं आहे, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

तो विचार आला एका दुपारी. बावड्याचे दोघं जण प्लॉट बघून थेट आमच्याकडं आले. मी पाणी दिलं. ऊस झकास आहे म्हणाले. मग त्यातला एक म्हणाला, "पर म्हातारबाबा काय रानात शिरला न्हाय. बांधावरच हुबा ऱ्हायला. म्हणला, हितनं म्होरं माझं न्हाय. मग त्यानं..."

"वाटण्या झाल्यात त्यांच्या," मी म्हणाले. "कळलं मला. तुम्हाला रोपं किती लागतील?"

तोंडानं रोपांचं बोलत होते, पण डोळ्यांसमोरून तात्या हलेनात. ज्या रानात त्यांनी जन्म घालवला त्याच्या बांधावर ते उन्हात उभे आहेत आणि परक्या माणसांना लांबूनच बोट करून दाखवताहेत, हितनं म्होरं माझं न्हाय. आणि हे कशामुळं, तर मला जाहिरातीला फुकटचा फोटो पाहिजे म्हणून. मला स्वतःची फार शरम वाटली. संध्याकाळच्या आत तो फोटो मी पानावरून काढला, स्टेटसवरून काढला, ग्रुपवाल्यांना सांगून तिथूनही काढायला लावला. त्या जागी इंदापूरकडच्या दुसऱ्याच एका शेतकऱ्याचा टाकला. तात्यांना फोन केला नाही. त्यांना कशाला उगाच आठवण करून द्यायची, असं वाटलं. एखादं पुण्याचं काम केल्यासारखं हलकं वाटत होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांना विचारलंस का?"

"त्यात काय विचारायचं?" मी म्हणाले.

पुढच्या लागणीच्या वेळी रोपं सांगायला अण्णा आले. रोपांचं बोलून झालं तरी उठेनात. चहा झाला. मग एकदम म्हणाले, "भाभी, आमच्या तात्याचा फोटू का काढला वो?"

मला वाटलं, आता हे आभार मानणार. म्हणून मीच पुढं झाले. "काढला अण्णा. रान तुमचं आणि फोटो त्यांचा, तुमच्या मनाला ते..."

"माझ्या मनातलं म्या कवा सांगितलं तुमाला?"

माझं वाक्य असं मध्येच तोडणारं मला फारसं कुणी भेटलेलं नाही.

"माणसं यायची," अण्णा म्हणाले. "तात्या त्यास्नी घिऊन बांधापतोर यायचा आन् तितनं मला हाळी द्यायचा. आरं, पावणं आल्यात, ऊस दाव त्यास्नी. घरात यक शबूद बोलत न्हाय आमी. पर पावण्यांम्होरं बोलावंच लागतंय की. मी त्यास्नी आत फिरवायचो आन् त्यो बांधावरनं सांगायचा, ह्यो न्हाय, त्या सरीतला दाव. मग मी चहा सांगायचो. पावणं निघून जायचं, आमचा चहा सरल्याला नसायचा. मग बसायचो दोघंबी तितंच बांधावर. मागच्या बारीला मला म्हणला, औंदा पाणी कमी पडू दिऊ नगं, तोडणीनंतर फुटंल त्यो खोडवा राखायचा हाय आपल्याला." अण्णा थांबले. "आपल्याला म्हणला. मला लई बरं वाटलं त्या दिशी."

मग तेच पुढं म्हणाले,

"आता कोण येत न्हाय. त्यो बांधाकडं फिरकत न्हाय. आन् म्या तरी कुठल्या निमतानं हाळी मारू?"

अण्णा गेले आणि मला ती दुपार आठवली. बावड्याचा तो माणूस मला सांगत होता. "मग त्यानं..." एवढं बोलला होता. मग त्यानं भावाला हाक मारली. मग भाऊ आला. मग चहा आला. एवढं सगळं त्याच्या तोंडात होतं आणि मी त्याला विचारलं, रोपं किती लागतील.

फोटो सापडायला वेळ लागला नाही. नवऱ्याच्या जुन्या मोबाईलमध्ये होता. दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन तात्यांकडं गेले. ते अंगणात मक्याची वैरण बांधत बसले होते. पत्र्यांच्या पलीकडून अण्णांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मी म्हणाले, "तात्या, तुमचा फोटो परत टाकते. हंगाम आलाय."

त्यांनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरून बघितला. "चांगला ऊस हुता," म्हणाले आणि मोबाईल परत दिला. "नगा टाकू."

"का हो?"

"आता कशाला? तुमी काढला तवाच मला उमगलं. रान माझं न्हाय, मग माझा फोटू कशाला. बरूबर हाय की. मग म्याबी माझ्या खात्यावरला काढून टाकला."

"तसं नव्हतं तात्या. मला वाटलं की तुम्हाला..."

"आसू द्या वो. इतकी वर्सं ठिवला ह्येच लई झालं."

रागानं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांची समजूत घालायचा फार प्रयत्न केला. म्हणाले, नवा काढू, रानात उभं राहून काढू, तुम्ही आणि अण्णा दोघांचा काढू. अण्णांचं नाव निघालं तसे त्यांचे हात वैरणीवर थांबले.

"त्यानं लावून दिलंय व्हय तुमाला?"

मी नाही म्हणाले. होय म्हणायला हवं होतं का, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्यांचा चेहरा बघून एवढं समजलं की पाहुण्यांच्या आडून जे चालत होतं ते असं तोंडावर बोलून चालणार नव्हतं. दोघांपैकी कुणी आपणहून पाऊल टाकलं नव्हतं, म्हणून तर ते टाकलं जात होतं. माझ्या एका फोटोमुळं ते आपोआप होत होतं, आणि ते चालू आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं. टाकताना विचारलं नाही, काढतानाही विचारलं नाही. टाकला तेव्हा धंद्यासाठी टाकला, त्याचं मला एवढं वाटत नाही. काढला मात्र त्यांच्या भल्यासाठी, आणि तेच मनातून जात नाही.

निघताना तात्या दारापर्यंत आले. "भाभी, बांध म्या कवा वलांडला न्हाय," म्हणाले. "आता फोटूपायी वलांडू व्हय?" आणि हसले. टोपी सरळ होती.

त्यानंतर मी लोकांना तोंडी सांगून पाठवायला लागले. फोन आला की म्हणायचे, आधी सणसरला जाऊन तात्यांचा प्लॉट बघा. पण लोक म्हणायचे, फोटो पाठवा. मी इंदापूरकडचा पाठवायचे आणि ते इंदापूरकडं जायचे. ज्याच्या फोटोत हसू दिसतं तिकडं दुचाकी वळते, हे मीच तर लोकांना शिकवलं होतं.

यंदा मात्र दोघं जण खरंच सणसरला गेले. माझ्या नणंदेच्या गावचे, ओळखीतले, म्हणून माझा शब्द मोडवला नाही त्यांना. मी सकाळपासून त्यांची वाट बघत होते. आले तेव्हा मी खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि तोंड मिटून बसले. नवरा दारातून माझ्याकडं बघत होता.

"म्हातारबाबा घरीच हुता की," त्यातला एक म्हणाला. "म्हणला, रान माझं न्हाय, भावाचं हाय. भावाचा नंबर दिला."

मी मान हलवली.

"आन् गेला आत."

मी थांबले. अजून काही सांगतील म्हणून बराच वेळ थांबले. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवले आणि माझ्याकडं बघत राहिले. सांगायचं होतं ते त्यांनी पुरं सांगून टाकलं होतं.