काकूंच्या स्नोमोबिलला इंजिन

इंजिन बघून होईपर्यंत इंजिनकाका कुणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. समोरचा इंग्रज बिचारा किटली लावून "मिल्क? शुगर?" विचारत उभा, आणि हे गृहस्थ मान हलवून थेट गॅरेजकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी त्यांची नॉटिंगहॅममधली शेजारीण. मोतीबिंदूमुळे त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालं होतं, त्यामुळे दर शनिवारी काकूंच्या बंद स्नोमोबिलसाठी जुनं इंजिन शोधायला गाडी माझी आणि हट्ट त्यांचा.

ही चहाबंदी कार्डिफच्या फेरीनंतर सुरू झाली. तिथल्या एका आजींकडे नवऱ्यामागे राहिलेलं इंजिन होतं. आजींनी घरी केलेला केक पुढे केला. काकांनी दोन तुकडे खाल्ले, नवऱ्याच्या आठवणी ऐकल्या आणि मग इंजिनावरची ताडपत्री उचलली. आम्हाला हवं होतं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. खाली निघालं गवत कापायच्या मशीनचं धूड. पण ज्या घरचं खाल्लं, त्या घरच्या वस्तूला नावं कशी ठेवायची? भिडेपोटी ते धूड माझ्या गाडीत घालून आम्ही नॉटिंगहॅमला आणलं. "भीड भिकेची बहीण" हे मी वाटेत दोनदा ऐकवलं. "मग तू का नाही म्हणालीस?" काकांनी विचारलं. मी तीन तुकडे खाल्ले होते.

स्नोमोबिल म्हणजे बर्फावरची मोटरसायकल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. नॉटिंगहॅममध्ये तिचं करायचं काय, असं मीही विचारलं होतं. पण ती काकांची नव्हतीच, काकूंची होती. लग्नानंतरची काही वर्षं काकू स्कॉटलंडच्या डोंगरात नर्स होत्या. बर्फाने रस्ते बुजले की दादरमध्ये वाढलेली ही बाई हिच्यावरून पेशंटकडे जायची. काका तिथेच मेकॅनिक. पुढे ती मोडीत निघाली, तेव्हा काकांनी घरी आणली. इंजिन मात्र केव्हाच जॅम झालं होतं.

आता घर विकून दोघं मुलीजवळ, साउथहॅम्प्टनच्या फ्लॅटमध्ये जाणार होती. तिथे गॅरेज नाही. मुलीने बजावलं होतं, "बाबा, मूव्हपर्यंत चालू झाली तर स्कॉटलंडमधले एक जुन्या गाड्या जमवणारे घेऊन जातील. नाहीतर स्क्रॅप."

"कुणीही नेऊ दे," काका मला म्हणाले, "पण आधी एकदा तुझ्या काकूला तिच्यावर बसलेलं बघायचंय."

काकू म्हणायच्या, "माझे दोन्ही गुडघे बदललेत. ह्यांना सांग, आधी लॉफ्ट आवरा."

काकांच्या पिशवीत पुठ्ठ्याचा एक साचा असायचा. त्यावर बोल्टची भोकं आणि शाफ्टचं टोक आखलेलं. त्याला ते पत्रिका म्हणत. डोळ्यांना नीट दिसत नसे, म्हणून साचा इंजिनाला लावून कडा बोटांनी चाचपायचे. "बोल्टचं काहीही अ‍ॅडजस्ट होतं गं, पण शाफ्ट जुळला नाही तर जन्माची कटकट." चार स्थळं नाकारल्यावर माझा पेशन्स संपला. म्हटलं, ऑनलाइन फोटो बघून मागवा ना.

"फोटोवरून पसंत करू नये."

"मला फोटोवरूनच केलं होतं," आतून काकू म्हणाल्या.

शेवटी इंजिन मिळालं ते विमानाचं. एकदोन माणसांच्या हलक्या विमानांना पूर्वी स्नोमोबिलचीच इंजिनं बसवायचे म्हणे. एका म्हाताऱ्याच्या शेडमध्ये काकांनी पत्रिका लावली, बोटं फिरवली, परत फिरवली, आणि मग ओळीने तीन कप चहा प्यायले. मला इतका आनंद झाला की परतताना मोटरवेची एक्झिट चुकली.

घर सोडायच्या आधीच्या रविवारी लॉनवर दव होतं. काकांचा खांदा दुखत होता, म्हणून दोरी मी ओढली. नवव्या ओढीला फटफट सुरू झाली आणि सगळी बाग धुराने भरली. काकू कार्डिगनची बटणं लावत बाहेर आल्या. कुणाचा हात न धरता बसल्या, अंगठ्याने थ्रॉटल दाबला आणि निघाल्या. घर घेणाऱ्यांसाठी राखलेलं लॉन कुंपणापर्यंत नांगरून, वळून, पुन्हा नांगरत आल्या. काका रडत होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती.

इंजिन बंद करून काकू म्हणाल्या, "क्लच जरा उशिरा धरतोय. नेणाऱ्यांना सांगा." आणि आत गेल्या.

काका साउथहॅम्प्टनला दोन हिवाळे राहिले आणि मग वारले. परवा काकूंचा फोन आला. बोलता बोलता म्हणाल्या, "ह्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी एवढं केलं, आणि मी क्लचचं बोलले गं. दोन शब्द बरे बोलायला हवे होते."

मी त्यांना सांगितलं, तुम्ही आत गेल्यावर काका माझ्याकडे वळून काय म्हणाले ते. "बघितलंस? मी दोन आठवडे बसवतोय, मला नाही कळलं. तिला एका फेरीत कळलं." आणि हे ते नंतर भेटेल त्याला सांगत होते.

काकूंनी ते वाक्य मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "पण धरत होता तो उशिराच."