डेकला हात लावायचा नाही

तो हौद जमिनीत खोदलेला नव्हता, जमिनीवर उभा केलेला होता. हे आधीच सांगते, कारण स्विमिंग पूल म्हणलं की लोकांना खड्डाच दिसतो. हा गोल, छातीएवढ्या उंच पत्र्याच्या भिंतीचा, आत निळं जाड प्लास्टिक अंथरलेलं, खराडीत एका बंगल्याच्या मागच्या बाजूला. साहेब अमेरिकेहून परत आले तेव्हा सामानाबरोबर घेऊन आलेले. त्याच्या भोवती सगळीकडून सागवानी फळ्यांचा डेक, म्हणजे लाकडी ओटाच म्हणा, पायऱ्या चढून वर जायचं आणि काठावर बसून पाण्यात पाय सोडायचे. तो डेक आमच्या मिस्टरांनी केलेला. कुणाच्या हाताखाली नाही, स्वतःचा असा पहिलाच.

नंतर ते एका आयटीच्या बिल्डिंगवर परांचीवरून पडले. पाय दोन ठिकाणी मोडला. डॉक्टर म्हणाले आता उंचावर चढायचं नाही, कधीच नाही. मग राहिलं काय तर खाली बसून करायचं लाकडाचं काम. पण नवीन गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं, आधी काय केलंय ते दाखवा. दाखवायला आमच्याकडं तो डेक सोडून काही नव्हतं.

आणि हौद सडला. पत्रा खालून गंजला, पाणी झिरपायला लागलं. बंगल्यातल्या मॅडमचा आमच्या शेजारच्या दुकानात फोन आला. मी पोरीला काखेत घेऊन पळत गेले.

"कंपनीवाले म्हणतात नवीन पूल बसवतो, पण डेक तोडावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "सगळंच रिमूव्ह करून नवीन करू, असं म्हणतायत."

 मी म्हणलं, मॅडम, डेकला हात लावायचा नाही, आम्ही बदलतो हौद. आम्ही म्हणजे कोण ते मलाच माहीत नव्हतं. मिस्टर प्लास्टरात. मी सहावी शिकलेली, बिगारी काम केलेली, पोरगी अंगावर पिणारी.

मॅडम म्हणाल्या, "शनिवारपर्यंत बघते. तोवर झालं तर ठीक, नाहीतर कंपनीवाल्यांना शनिवारचंच सांगितलंय."

येरवड्याहून सहा आसनी रिक्षानं मी आणि माझे धाकटे दीर रोज जायला लागलो. पोरीची झोळी डेकच्या खालच्या आडव्या लाकडाला बांधली, तिथं गार सावली असायची. जुना पत्रा कापून तुकडे तुकडे करून डेकवरून बाहेर काढला. मॅडमनी मागवलेल्या नवीन हौदाची भिंत गुंडाळी होऊन आलेली, चटईसारखी. मिस्टरांनी खाटेवर बसून सगळं पढवलेलं, काठाच्या फळ्या मोकळ्या कर, खालून नंबर टाक, त्याच जागी परत बसव. तसंच केलं. मग जमीन चोपली, बारीक वाळू पसरली, फळीनं ओढून साफ केली.

तिथंच मी चुकले.

बिगारी कामात मी एक गोष्ट पक्की शिकले होते, ढाळ. टेरेस असो, बाथरूम असो, मोरी असो, ढाळ दिल्याशिवाय मिस्त्री कुणाला पुढं जाऊ द्यायचे नाहीत. पाणी नळीकडं पळालं पाहिजे. तर मी त्या हौदाच्या तळाला चांगला चार बोटं ढाळ दिला, बंगल्याकडून कुंपणाकडं, आणि वर खूशही झाले की दीरांना सुचलं नाही ते मला सुचलं.

टँकर आला. पाणी चढायला लागलं. अर्धं भरलं असेल तेव्हा साहेबांचे वडील डेकवर येऊन उभे राहिले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नारायण पेठेतलं घर सोडून मुलाकडं राहायला आलेले, दोन वेळचा चहा त्या डेकवरच घ्यायचे. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"अहो बाई, पाणी तेवढं सरळ आहे. बाकी सगळं वाकडं आहे."

बघते तर खरंच. कुंपणाच्या बाजूला पाणी चार बोटं वर, बंगल्याच्या बाजूला खाली. आणि त्यात जिथं पाणी जास्त, तिथं पत्रा पोट आल्यासारखा बाहेर येऊन डेकच्या खांबाला टेकलेला. पत्रा फुटला असता तर डेक घेऊनच गेला असता. आणि पोरगी खाली झोळीत! मी ओरडतच खाली शिरले, तिला ओढून काढलं, तिची झोप मोडली, ती रडायला लागली, मी रडायला लागले, दीर टँकरवाल्यावर ओरडायला लागले, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

काका वरून म्हणाले, "रडून पाणी वाढेल. आधी ते सोडा."

शेजारच्या प्लॉटवर नुकताच स्लॅब पडलेला. तिथल्या मिस्त्रीला जाऊन विचारलं, क्युरिंगला, म्हणजे स्लॅब भिजवायला, पाणी पाहिजे का, चांगलं आहे, औषध नाही टाकलेलं. तो म्हणाला, आणि विचारताय काय! पाइप टाकून सगळं पाणी त्याच्या स्लॅबवर सोडलं. फुकट तर नाही गेलं, एवढंच मनाला.

घरी मिस्टरांना सांगायला जीभ उचलेना. सांगितलं एकदाचं. ते म्हणाले,

"बाथरूम बांधलंस व्हय?"

"चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. हौदातलं पाणी कुठं पळायचं नसतंय, उभं राहायचं असतंय. वरच्या बाजूची वाळू खरवड. खालच्या बाजूला भर घालू नको, ती बसती. आणि नळी लावल्याशिवाय पाण्याला हात लावू नको."

नळी म्हणजे आरपार दिसणारी पाण्याची नळी. दोन टोकं दोन माणसांनी धरायची, दोन्हीकडं पाणी ज्या उंचीला थांबेल ती एक लेव्हल. पण दुसऱ्या दिवशी दीरांना त्यांच्या कामावर जाणं भाग होतं, सकाळी भिंत उतरवायला मदत करून ते गेले. आता दुसरं टोक कोण धरणार? मी पोरीला पाठीला बांधून नुसतीच उभी. काका चहाचा कप ठेवून खाली उतरले.

"द्या इकडं. काय करायचं असतं?"

"काही नाही काका, नुसतं धरून उभं राहायचं. हलायचं नाही."

"जमेल. बँकेत तीस वर्षं तेच केलं."

मी खरवडायचे, ते नळी धरून सांगायचे. "खाली." "अजून खाली." "बाई, दमा जरा, तुम्ही श्वास घेता का नाही मधेआधे?" दुपारपर्यंत त्यांच्या पांढऱ्या लेंग्याला गुडघ्यापर्यंत वाळू लागली. मॅडम, म्हणजे त्यांची सून, ऑफिसातून फोन करून विचारायच्या पपा औषध घेतलं का, ते म्हणायचे, मी कामात आहे, नंतर बोल. आठ ठिकाणी नळी लावली. समाधान होईना म्हणून परत आठ ठिकाणी लावली. संध्याकाळी दीर आणि त्यांचा दोस्त आले, भिंत उभी केली, प्लास्टिक चढवलं. शुक्रवारी परत टँकर. मी पोरीला कुंपणाच्या पार पलीकडं, झाडाखाली बसवलं आणि पाण्यावरून डोळा काढला नाही. डेकच्या फळीपासून पाण्यापर्यंत मिस्टरांची टेप लावायची, चार पावलं जायची, परत लावायची. पाणी चढेल तसा आकडा कमी व्हायचा, पण सगळीकडं एकच.

शनिवारी सकाळी कंपनीचा टेम्पो आला. पाच माणसं, पहारी, घण. मॅडम सुट्टीवर होत्या, त्या मागं आल्या. मी पायरीवर मधोमध उभी राहिले, कारण बाजूला झाले असते तर मला माहितीये, मी काहीच बोलले नसते.

"आधी मोजा," मी म्हणलं. "मोजा आणि मग तोडा."

त्यांच्या मुकादमानं मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, बघा ना मग. त्यानं स्वतःची टेप काढली. एका जागी लावली, दुसऱ्या जागी लावली, पार फिरून आला. खाली वाकून खांब बघितले, पत्र्यावर हात फिरवला.

"कुणी बसवला?"

"मी. आधी ढाळ दिलेला, चुकलेलं, सगळं उतरवून परत बसवला."

मला वाटलं हसेल. हसला नाही. मॅडमला म्हणाला, "हे काढायचं कारण नाही. पैसे घेऊन काढू, पण कारण नाही."

"नको मग," मॅडम म्हणाल्या. "राहू दे डेक."

तेव्हा कुठं मी पायरीवरून बाजूला झाले. काका म्हणाले, आलात तसे चहा घेऊन जा, पहारी खाली ठेवा. ती पाचही दणकट माणसं पायऱ्या चढून डेकवर गेली आणि कप हातात घेऊन उभी राहिली, एक तर मुद्दाम टाचेनं फळी दाबून बघत होता. मी खाली पोरीला पदराखाली घेऊन बसले होते आणि कान वर लावला होता. एक फळी कुरकुरली नाही. मुकादम जाताना वरून वाकून म्हणाला, "ताई, सुताराचा पत्ता द्या." मी सांगितला, दोनदा सांगितला, आणि म्हणलं लिहून घ्या, विसराल.