समोरचे काका आणि माझा ब्लॉग

रोह्याच्या आमच्या आळीत समोर राहणारे काका माझा ब्लॉग नेमाने वाचतात. हात लांब करून फोन धरतात, मोठ्यानं वाचतात आणि शुद्धलेखन चुकलं की खोकतात. यंदा दिवाळी अंकाच्या कथेपायी ब्लॉग राहिला, तर ते रोज कुंपणाशी येऊन विचारायचे, "आज पण नाय?"

शेवटी पेणहून संपादक कथा मागायला आले. मी खिडकीत बसलेला दिसत असूनही काकांनी त्यांना फाटकातच अडवलं.

"सर घरात नायत. आधी ब्लॉग व्हईल, मग तुमचं."

संपादक मला लांबूनच नमस्कार करून परत गेले. मी घाबरून लगेच ब्लॉग लिहिला. काकांनी तो उभ्यानंच वाचला आणि म्हणाले, "यापेक्षा त्यांची कथाच लिवायची व्हती."