उभ्या कॉलरवरचा टाय
चायनीज कॉलरच्या शर्टावर टाय बांधून मी सांगलीला नोकरीच्या मुलाखतीला गेलो. शर्ट शिवायला टाकताना ती उभी कॉलर मला भलतीच रुबाबदार वाटली होती, आणि टाय होता फौजी चुलत्याच्या ट्रंकेतला, डांबरगोळ्यांच्या वासाचा. बाकड्यावरच्या बाकीच्या पोरांकडे बघितलं तेव्हा कळलं, की गळ्याभोवतीचा टाय कॉलरच्या घडीखाली दडवायचा असतो. माझ्या कॉलरला घडीच नव्हती. वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटची संधी होती. आत साहेबांची नजर माझ्या गळ्यावरून हललीच नाही, दोन प्रश्नांत मी बाहेर. आजही डांबरगोळीचा वास आला की दारातला म्हातारा शिपाई ऐकू येतो, "गळ्यात पट्टा बांधून आलायस, आन् मालक कुठं सोडलास रं?"